भुताच्या घराला पाहुणे फार

भुताखेतांवर माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. मुंजा, वेताळ, झोटिंग, खवीस, समंध, हडळ, जखीण, गिऱ्हा अशी भली मोठी बिरादरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. मुंजा पिंपळावर, समंध ओसाड वाड्यात, हडळ पाणवठ्याशी, चकवा माळावर, अशी प्रत्येकाची हद्द ठरलेली. त्या हद्दीला अर्थही होता. तिन्हीसांजेला पोरांनी विहिरीकडे फिरकू नये, रात्री-अपरात्री एकट्याने ओढा ओलांडू नये, एवढी राखण ही मंडळी बिनपगारी करीत. थोडक्यात, आपले जुने भूत माणसाला वेळेवर स्वतःच्या घरी धाडत असे. माझे भांडण आहे ते माणसाला दुसऱ्याच्या घरी धाडणाऱ्या नव्या भुताशी.

या नव्या भुताची जात निराळी. ते पडद्यावर जन्मते आणि येतानाच कपाळावर 'सत्य घटनेवर आधारित' अशी चिठ्ठी चिकटवून येते. चिठ्ठीमागोमाग खरे गाव, खरी गल्ली आणि खरे घर येते. चित्रपट सुटला की बहुतेक लोक घरी जातात, जेवतात, झोपतात. पण काही जण सुट्टीचा दिवस गाठून त्या घराच्या फाटकाशी जाऊन उभे राहतात. फोटो काढतात, कुंपणावरून डोकावतात, दाराची घंटा वाजवून पळतात. आत कोणीतरी राहते आहे, त्याचे म्हातारे आजारी असेल, पोर परीक्षेला बसले असेल, हे कोणाच्या मनातही येत नाही. याला लोक हौस म्हणतात. मी याला उपद्रव म्हणतो. आणि उपद्रवाहूनही वाईट म्हणजे ही एका चोरीतली भागीदारी आहे. चोरी कशाची, ते एका घराच्या हकिकतीवरून सांगतो.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला लाँग आयलंड नावाचे लांबट बेट पसरले आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर अ‍ॅमिटीव्हिल हे लहानसे गाव. तिथल्या ओशन अ‍ॅव्हेन्यूवर, मागच्या बाजूला पाण्याचा कालवा असलेले एक ऐसपैस तीन मजली घर आहे. घराचा क्रमांक जगाला पाठ आहे, पण मी तो इथे मुद्दामच छापत नाही. १३ नोव्हेंबर १९७४ च्या पहाटे या घरात रोनाल्ड डीफिओ नावाच्या २३ वर्षांच्या तरुणाने रायफलने आपले आई-वडील, दोन बहिणी आणि दोन भाऊ अशा सहा जणांना अंथरुणातच ठार केले. भावंडांची वये होती १८, १३, १२ आणि ९. खटला उभा राहिला तेव्हा आपल्याला आवाज ऐकू येत होते, आपण भानावर नव्हतो, असा बचाव त्याच्या वतीने मांडला गेला. ज्यूरीने तो ऐकला, पुरावा तपासला आणि बचाव फेटाळला. १९७५ च्या नोव्हेंबरात सहाही खुनांबद्दल तो दोषी ठरला. प्रत्येक खुनाबद्दल २५ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा झाली आणि २०२१ च्या मार्चमध्ये कैदेत असतानाच तो मेला.

खरी हकिकत इथे संपते. सुन्न करून सोडणारी आहे, आणि तिच्यात भूत कुठेही नाही.

शिक्षा सुनावली गेल्यावर दोनच आठवड्यांनी, १८ डिसेंबर १९७५ रोजी, लुट्झ नावाचे एक जोडपे तीन मुलांसह त्या घरात राहायला आले. घर त्यांना ८० हजार डॉलरला, म्हणजे त्या मानाने स्वस्तात, मिळाले होते. २८ दिवसांनी, १४ जानेवारी १९७६ ला, त्यांनी ते सोडले आणि घरात भयंकर प्रकार घडत असल्याचे जगाला सांगितले. १९७७ साली जे अ‍ॅन्सन या लेखकाने त्यावर पुस्तक लिहिले. नावातच 'सत्यकथा' असे बजावलेले हे पुस्तक धो धो खपले. १९७९ साली त्यावर 'द अ‍ॅमिटीव्हिल हॉरर' हा चित्रपट आला आणि त्या वर्षीच्या सर्वांत जास्त कमाई करणाऱ्या चित्रपटांत जाऊन बसला. गंमत अशी की त्याचे चित्रीकरण त्या घरात झालेच नव्हते. ते झाले शेजारच्या न्यू जर्सी राज्यातल्या टॉम्स रिव्हर गावी, वेगळ्याच एका घराला तसे रूप देऊन. लोक मात्र गेले अ‍ॅमिटीव्हिललाच.

'सत्यकथे'चे सत्य किती, तेही पाहू. पुस्तकात बर्फावर खुरांचे ठसे उमटल्याचे वर्णन आहे. हवामानाच्या नोंदी काढल्या तर त्या दिवशी तिथे तसा बर्फच नव्हता. जी दारे अमानुष शक्तीने उखडली म्हणून लिहिले, ती नंतरच्या मालकांना जुन्या कड्या-बिजागऱ्यांसकट जागच्या जागी सापडली. खुद्द खुन्याचे वकील विल्यम वेबर यांनी १९७९ साली जाहीर केले की ही भयकथा आपण आणि लुट्झ मंडळींनी वाइनच्या बाटल्या रिचवत रचली. त्याच वर्षी या मंडळींचे पैशांवरून आपापसात कोर्टकज्जे चालू असताना न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनीही पुस्तक बऱ्याच अंशी कल्पित दिसते असे मत नोंदवले. लुट्झ पती-पत्नींनी मात्र शेवटपर्यंत आपला शब्द सोडला नाही.

आता चोरीचा माल मोजू या. न्यायालयात ज्यूरीने जो बचाव केराच्या टोपलीत टाकला, तोच चित्रपटाने मागच्या दाराने आत घेतला. खून माणसाने केला नाही, घराने करवला. आवाज खरेच होते. जागाच शापित होती. १९८२ साली निघालेल्या दुसऱ्या भागात तर आडनाव बदलून त्या तरुणाला सैतानाने झपाटलेलेच दाखवले. म्हणजे सहा जणांना मारणारा झाला झपाटलेला बिचारा, आणि मेलेले सहा जण झाले पार्श्वभूमी. आज अ‍ॅमिटीव्हिल म्हटले की जगाला दोन डोळ्यांसारख्या दिसणाऱ्या त्या माडीच्या खिडक्या आठवतात. नऊ वर्षांचे पोर आठवत नाही. चोरी झाली ती या मेलेल्यांच्या मरणाची, आणि फाटकाशी उभा राहून फोटो काढणारा प्रत्येक जण तिच्यातला वाटेकरी आहे.

जिवंतांचे काय झाले, तेही ऐका. लुट्झ गेल्यावर १९७७ साली एका जोडप्याने ते घर ५५ हजार डॉलरला घेतले. ती माणसे तिथे वर्षानुवर्षे राहिली. भूत त्यांना एकदाही भेटले नाही. भेटली ती माणसे. रात्री-बेरात्री मोटारी थांबत, अनोळखी लोक आवारात शिरत, खिडक्यांवर प्रकाशझोत टाकत. अखेर त्या जोडप्याने लेखक, प्रकाशक आणि लुट्झ मंडळी यांच्यावर दावा गुदरला आणि तो आपसात मिटला. पुढे त्या प्रसिद्ध खिडक्या काढून साध्या चौकोनी खिडक्या बसवल्या गेल्या, घराचा क्रमांकसुद्धा बदलून घेतला गेला. विचार करा, वाचकहो. घरमालकाला भुताच्या भीतीने काहीच करावे लागले नाही. पाहुण्यांच्या भीतीने स्वतःच्या घराचा चेहरा आणि पत्ता बदलावा लागला!

एखाद्याला वाटेल, हा पन्नास वर्षांपूर्वीचा किस्सा झाला, लोक आता शहाणे झाले असतील. तर मग ऱ्होड आयलंड राज्यातल्या हॅरिसव्हिलचे जुने शेतघर पाहा. १९७१ ते १९८० या काळात तिथे राहिलेल्या एका कुटुंबाच्या सांगण्यावरून २०१३ साली 'द कॉन्ज्युरिंग' हा चित्रपट निघाला. आपल्याकडेही तो गावोगाव पाहिला गेला. चित्रीकरण झाले दूरच्या नॉर्थ कॅरोलिनात, पण झुंडी लोटल्या हॅरिसव्हिलला. तेव्हाच्या मालकांनी २०१५ साली चित्रपट कंपनीवर दावा लावला तो याचसाठी, की रात्रंदिवस आवारात घुसणाऱ्यांमुळे जगणे मुश्कील झाले होते.

पण मला त्या मालकांपेक्षाही जास्त वाईट वाटते ते बाथशीबा शर्मन या बाईचे. ही बाई खरोखरच त्या परिसरात होऊन गेली. १८८५ साली वारली, तिथल्याच दफनभूमीत पुरली गेली. चित्रपटाने तिला चेटकीण केले. पोटचे पोर सैतानाला बळी देऊन झाडाला गळफास घेणारी बाई म्हणून तिचे नाव जगभर पोचवले. तिने असे काही केल्याचा कसलाही पुरावा नाही. चित्रपटानंतर तिच्या थडग्याचा दगड लोकांनी पुन्हा पुन्हा फोडला. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मातीत स्वस्थ पडलेल्या बाईला खोट्या आळासाठी ही शिक्षा! जिवंत माणसाची बदनामी केली तर तो कोर्टात जातो. मेलेल्याने कुठे जावे?

यावर उत्तरे तयार असतात, ती मी ऐकून आहे. पहिले उत्तर, 'अहो, करमणूक आहे ती, एवढे काय मनावर घेता?' करमणुकीला माझी ना नाही. काल्पनिक म्हणून सांगा, काल्पनिक गावात घडवा, मी स्वतः तिकीट काढून पुढच्या रांगेत बसेन. पण 'सत्य' ही चिठ्ठी लावून तुम्ही जादा भीती विकत असाल, तर त्या चिठ्ठीची जबाबदारीही तुमचीच. दुधात पाणी घालणाऱ्याला आपण करमणूक करतो म्हणून सोडत नाही.

दुसरे उत्तर, 'घर घेताना त्यांना ठाऊक नव्हते का?' अ‍ॅमिटीव्हिलच्या त्या जोडप्याने घर घेतले तेव्हा चित्रपट निघायचा होता. आणि समजा ठाऊक असले, तरी घर विकत घेतले म्हणजे माणसाने आपली झोप लिलावात काढली असे होत नाही. शेजाऱ्यांनी तर काहीच विकत घेतलेले नसते. रस्ता त्यांचाही अडतो, कुत्री त्यांचीही रात्रभर भुंकतात.

तिसरे उत्तर सर्वांत वजनदार, पैशाचे. हॅरिसव्हिलचे ते घर २०१९ साली ४ लाख ३९ हजार डॉलरला गेले आणि २०२२ साली १५ लाख २५ हजार डॉलरला. भुताने घराला भाव आणला, मग तक्रार कसली? मी म्हणतो, भाव कशाला आला ते पाहा. लाकूडकामाला आला नाही, तिथल्या अडीचशेहून अधिक वर्षांच्या वस्तीच्या इतिहासाला आला नाही. आला तो एका बाईच्या बदनामीला. ज्याला तो नफा गोड लागतो त्याने खुशाल खावा, पण त्याला पर्यटन म्हणू नये.

मी सोवळे सांगतो आहे असेही नाही. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात ७५ पायऱ्यांचा एक उभा दगडी जिना आहे. १९७३ च्या 'द एक्झॉर्सिस्ट' या चित्रपटाचा शेवट तिथला. २०१५ साली तिथे रीतसर पाटी बसली. लोक येतात, पायऱ्या चढतात, दम लागला की हसत परत जातात. तो सार्वजनिक जिना आहे, कोणाचे माजघर नव्हे. आणि खुद्द त्या जिन्यावर कोणाच्या घरातले खरे रक्त सांडलेले नाही. असे पाहायला कोणीही जावे. रस्ता आणि उंबरठा यांतला फरक कळला की बाकी सगळे आपोआप कळते.

आता आपल्या अंगणात येऊ. नाही तर म्हणाल, अमेरिकेला शिव्या देणे सोपे. २०१८ साली आलेला आणि २०२४ साली पुन्हा प्रदर्शित होऊन गर्दी खेचणारा 'तुंबाड' आपल्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. चित्रपट म्हणून उत्तमच. पण त्यातला हस्तर हा देव कुठल्याही पुराणात नाही, तो चित्रपटकर्त्यांनी घडवलेला. तुंबाड हे मात्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले, जगबुडीच्या काठचे खरे गाव, आणि मराठी वाचकाला ते श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मुळे १९८७ पासून ओळखीचे. चित्रपटातला वाडा आहे पुण्याजवळच्या सासवडचा, सरदार पुरंदऱ्यांचा. बाळाजी विश्वनाथांना पेशवाईपर्यंत पोचवणाऱ्या वाटचालीत हे घराणे त्यांच्या सोबतीला होते. बाळाजी विश्वनाथांचा अंतही १७२० साली सासवडलाच झाला. एवढा इतिहास पोटात घेऊन उभ्या असलेल्या वाड्याला आज नवी पिढी ओळखते ती हस्तरचा वाडा म्हणून. तिथे जाऊन पेशवाईबद्दल विचारणारे किती आणि खजिना कुठल्या कोपऱ्यात होता असे विचारणारे किती, याचा अंदाज तुम्हीच करा. इथे खोटे कोणी बोललेले नाही. चित्रपटाने सत्यकथेची चिठ्ठी लावलेली नाही. तरीही बघ्याच्या डोक्यातला भूत-शोध थांबत नाही, इतकी ही सवय आता अंगवळणी पडली आहे.

शनिवारवाड्याचे तसेच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी तिथे नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. त्या खुनाचा माग काढणारे, सत्ताधारी राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवणारे रामशास्त्री प्रभुणे हे आपल्या इतिहासातले एक उंच शिखर. पण 'भुताटकीच्या जागां'च्या याद्यांत काय उरले? पौर्णिमेच्या रात्री ऐकू येणारी एक किंकाळी. किंकाळी राहिली, न्यायाधीश गेला.

आणि ज्यांच्यासाठी ना रामशास्त्री उभे राहिले ना ज्यूरी बसली, त्यांचे काय? आमच्या सीमाभागातल्या एका गावात (नाव घेत नाही, घेतले तर उद्या तिकडे पाहुणे जातील) एक जुना वाडा आहे. परसात विहीर. अवसेच्या रात्री काठावर बाळंतीण दिसते म्हणतात. तिथे कोणताही चित्रपट घडलेला नाही, पण आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तेव्हा पोरे स्वतःच चित्रपट काढायला येतात. वाड्यात एक म्हातारी एकटी राहते. तिला विचारले तर म्हणाली, 'भूत कुठलं आलंय बाबा? हीच पोरं रात्रीची येत्यात, डोळ्याला डोळा लागू देईनात.' गावातल्या जाणत्यांना मात्र विहिरीची गोष्ट माहीत आहे, ती आवाज खाली आणून सांगतात. तीन पिढ्यांपूर्वी त्या घरची सून विहिरीत 'पडली'. पडली की ढकलली, की जगणे नकोसे करून उडी मारायला लावली, याची चौकशी झाली नाही. तिची हडळ केली गेली आणि विषय मिटला.

अशा विहिरी आपल्याकडे किती असतील! हडळ, जखीण, अवगत म्हणून ज्यांची नावे आपण घेतो, त्यांतल्या कित्येक जणी कोणाच्या तरी लेकी-सुना होत्या. घराण्याच्या अब्रूसाठी माणसाच्या अपराधावर भुताचे पांघरूण घालण्याची विद्या आपल्याला अमेरिकेकडून शिकावी लागलेली नाही. म्हणूनच मला अ‍ॅमिटीव्हिलचा संताप येतो. तिथे जे डॉलरसाठी झाले, ते आपल्याकडे अब्रूसाठी फुकट होत आले आहे. फरक एवढाच, की आपली जुनी भुते माणसांना विहिरीपासून निदान लांब ठेवीत. आता तेही राहिले नाही.

आपण दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणारी माणसे, म्हणून पलीकडच्या बाजूची एक गोष्ट सांगतो. १९९० च्या दशकात बंगळूरकडे अफवा उठली होती की रात्री एक बाई भूत होऊन दारे ठोठावत फिरते. लोकांनी दारांवर कन्नडात लिहून ठेवले, 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये'. भूत बिचारे वाचून परत जाई, दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच वाची. २०१८ च्या 'स्त्री' या हिंदी चित्रपटाने हीच कल्पना मध्य प्रदेशातल्या चंदेरीत नेऊन बसवली. मला त्या अफवेतली एक गोष्ट फार आवडते. खडू घरमालकाच्या हातात होता. दार त्याचे, शब्द त्याचा, आणि भूतसुद्धा तो शब्द पाळीत होते. आजचे पाहुणे 'आत येऊ नये' ही पाटीच फोटोत घेतात.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. ज्या निर्मात्याला सत्यकथेच्या नावाने भय विकायचे आहे, त्याने खऱ्या माणसांची नावे आणि खऱ्या घरांचे पत्ते वापरू नयेत. वापरले तर त्या घराला आणि शेजाराला होणाऱ्या उपद्रवाची भरपाई द्यावी. मेलेल्यांवर पुराव्याशिवाय आळ घेऊ नये. आणि आपण प्रेक्षकांनी, जिथे कोणी राहते त्या दारावर बोलावल्याशिवाय जाऊ नये. एवढ्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही, घरची शिकवण पुरे.

दिवाळीत लेकरे गोळा होतील, रात्री दिवे मालवून भुताच्या गोष्टी निघतील. जरूर सांगा. मुंज्याची सांगा, चकव्याची सांगा, पोरांना पांघरुणात शिरू द्या. पण गोष्ट आपल्या गावच्या विहिरीची निघाली, तर ती हडळीपाशी थांबवू नका. ती बाई कोणाची कोण होती, तिचे नाव काय होते, ती विहिरीपर्यंत कशी आली, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. सांगणारे आता थोडेच उरले आहेत.